वेष्टनावरील अक्षरे आणि स्वदेशीचे व्रत

दिवाळी जवळ आली की चिनी दिव्यांच्या माळांवर बहिष्कार घालण्याची आवाहने घरोघरी पोहोचू लागतात. २०२० च्या जूनमध्ये गलवान खोऱ्यात भारताचे वीस जवान हुतात्मा झाले, तेव्हा तर या भावनेला उधाण आले होते. ही भावना खोटी नव्हती. ज्या देशाच्या सैनिकांनी भारतीय रक्त सांडले, त्या देशाची तिजोरी भारतीय ग्राहकाने का भरावी, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु सण सरतो, संताप ओसरतो आणि त्याच घरातील मोबाइलचा चार्जर बिघडला की कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर रुपयांचा, कोणी कोठे बनवला याचा पत्ता नसलेला चार्जर आणला जातो. त्याच्या पाठीवर काय छापले आहे, हे कोणी वाचत नाही.

लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार आणि स्वदेशी ही दोन स्वतंत्र सूत्रे होती, याचे विस्मरण येथे नडते. बहिष्कार हा प्रसंगाने उचललेला शस्त्राचा घाव असतो, तर स्वदेशी हे रोज पाळावयाचे व्रत असते. व्रताला नियम लागतात, आणि ते पाळण्यासाठी समोरची वस्तू कोणती, कोणाची, कशी, हे आधी ओळखता यावे लागते. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत ही ओळख वेष्टनावरील आणि वस्तूवरील लेबल करून देते. ते लेबल वाचण्याची सवय समाजाला लागलेली नाही आणि ते प्रामाणिकपणे लावण्याची सवय बाजाराला लागलेली नाही. स्वदेशीच्या घोषणा आणि प्रत्यक्ष खरेदी यांच्यात जी दरी दिसते, तिचे एक मोठे कारण येथे आहे.

हिरवा ठिपका दिसतो, 'आर' क्रमांक दिसत नाही

ज्या समाजाने ठरवले, त्याला लेबल वाचता येते. खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर शाकाहाराचा हिरवा ठिपका सक्तीचा झाला. आज बिस्किटाचा पुडा हाती घेताच मध्यमवर्गीय गृहिणीची नजर प्रथम त्या ठिपक्याकडे जाते. त्यासाठी कोणाला अधिसूचना वाचावी लागली नाही. श्रद्धेचा विषय होता, म्हणून डोळ्यांना सवय जडली.

मग त्याच घरात मुलाच्या उशाशी रात्रभर चार्ज होत राहणाऱ्या पॉवर बँकेबाबत ही दक्षता का नसावी? या वस्तूंसाठीही खूण आहे. केंद्र सरकारने २०१२ मध्ये इलेक्ट्रॉनिक व माहिती तंत्रज्ञान वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला. प्रारंभी त्यात पंधरा प्रकारच्या वस्तू होत्या आणि २०१३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. पुढे मोबाइल फोन, चार्जरचे ॲडाप्टर, पॉवर बँक, बॅटऱ्या, एलईडी दिवे अशी यादी वाढत गेली. ज्यांच्यावरून दर दिवाळीत वादंग माजतो, त्या एलईडी माळाही तिच्यात आल्या. २०२१ मध्ये हा आदेश नव्या रूपात लागू झाला. या यादीतील वस्तू भारतीय मानकानुसार तपासून, भारतीय मानक ब्युरोकडे नोंदवून, तिच्यावर मानचिन्ह, मानकाचा क्रमांक आणि 'आर' या अक्षरापुढे आठ अंकांचा नोंदणी क्रमांक छापल्याशिवाय ती देशात बनवता येत नाही, आयात करता येत नाही आणि विकताही येत नाही. इस्त्री, पाणी तापविण्याचा रॉड, गिझर यांसारख्या विद्युत उपकरणांना मात्र जुने, परिचित आयएसआय चिन्ह लागते. त्याची सक्ती २००३ च्या आदेशापासून आहे.

ग्राहकाला हा क्रमांक पडताळूनही पाहता येतो. मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावे आहे, कोणत्या वस्तूसाठी आहे आणि ती चालू आहे किंवा नाही, हे समोर येते. चार्जरवरचा क्रमांक दुसऱ्याच कंपनीच्या टीव्हीचा निघाला, तर फसवणूक तेथल्या तेथे उघडी पडते. एवढे साधन हाताशी असताना ते न वापरणे याला उदासीनतेखेरीज दुसरे नाव नाही.

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. अनेक स्वस्त वस्तूंवर 'सीई' ही अक्षरे ठळकपणे छापलेली असतात आणि दुकानदार ती दाखवून मालाची हमी देतो. हे चिन्ह युरोपीय बाजारपेठेसाठी असून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत ती उत्पादकाने स्वतःच केलेली घोषणा असते. भारतीय कायद्याची पूर्तता तिने होत नाही. या अक्षरांचा 'चायना एक्स्पोर्ट' असा जो अर्थ लोकांच्या तोंडी फिरतो, त्यालाही अधिकृत आधार नाही. भारतीय ग्राहकाने भारतीय चिन्ह मागावे, एवढाच यातील बोध.

चिन्हामागची परीक्षा

हे चिन्ह म्हणजे सरकारी कागदपत्रांची आणखी एक कटकट, असे मानणाऱ्यांनी प्रयोगशाळेत काय तपासले जाते ते पाहावे. भिंतीतील सॉकेटमधून चार्जरमध्ये २३० व्होल्टचा प्रवाह शिरतो आणि मोबाइलकडे साधारण पाच व्होल्टचा बाहेर पडतो. या दोन बाजूंमध्ये जे विद्युतरोधक आवरण आणि जे अंतर राखलेले असते, तेवढीच भिंत फोन हाती धरणाऱ्या मुलाच्या आणि मृत्यूच्या मध्ये उभी असते. परीक्षेत त्या रोधकावर सुमारे तीन हजार व्होल्टचा दाब देऊन ते टिकते का, हे पाहतात. बाहेरील प्लास्टिक पेट घेते का, आतील भाग किती तापतात, हेही तपासले जाते. शंभर रुपयांचा चार्जर स्वस्त पडतो, तो बहुधा हे अंतर कमी केल्यामुळे, फ्यूज गाळल्यामुळे आणि हलके प्लास्टिक वापरल्यामुळे. बॅटरीच्या मानकातील चाचण्या याहून कठोर आहेत. तिचे दोन ध्रुव थेट जोडणे, तिला चिरडणे, खाली पाडणे, भट्टीत तापवणे, हे सर्व करून ती पेटत किंवा फुटत नाही ना, याची खात्री करून घेतात.

याच्या जोडीला इतरही खुणा आहेत. रेफ्रिजरेटर आणि वातानुकूलन यंत्रावरील तारे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ मध्ये आणले आणि २०१० पासून काही उपकरणांना ते सक्तीचे झाले. चाके असलेल्या कचरापेटीवर फुली मारलेले चित्र सांगते की ही वस्तू घरच्या कचऱ्यात टाकावयाची नाही. ई-कचऱ्याच्या नियमांनी शिसे, पारा यांसारख्या द्रव्यांना ०.१ टक्का आणि कॅडमियमला ०.०१ टक्का अशी मर्यादा घातली आहे. ज्या संस्कृतीने भूमीला माता म्हटले, तिच्या वारसांनी त्या मातेच्या उदरात शिसे पुरू नये, हे सांगावयास विदेशी पर्यावरणवाद्यांची गरज नसावी.

कौटिल्याचा दंड

मानके आणि लेबले ही पाश्चात्त्यांची देणगी असून ती भारतावर लादली गेली आहे, असा एक सूर कधीकधी ऐकू येतो. तो अज्ञानातून आलेला आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात वजनमापांवर देखरेख ठेवणाऱ्या पौतवाध्यक्षाचे स्वतंत्र पद आहे. चौथ्या अधिकरणात व्यापाऱ्यांपासून प्रजेचे रक्षण कसे करावे, याचे सविस्तर विवेचन आहे. हलकी वस्तू उंची म्हणून विकणाऱ्यास तिच्या किमतीच्या आठपट दंड तेथे सांगितला आहे. आणि विशेष म्हणजे, एका प्रदेशात झालेला माल दुसऱ्या प्रदेशाचा म्हणून विकणाऱ्यासही चोपन्न पण दंड असून ग्राहकाचे नुकसान भरून देण्याची सक्तीही आहे.

आजच्या भाषेत यालाच 'उत्पादनाचा मूळ देश' खोटा सांगणे म्हणतात. भारतीय मानक ब्युरोच्या २०१६ च्या कायद्याने सक्तीच्या मानकाचा भंग करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान दोन लाख रुपये दंडाची आणि तो दंड मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत नेण्याची तरतूद केली. कौटिल्याच्या आठपटीत आणि या दहापटीत दोन सहस्रकांहून अधिक काळाचे अंतर आहे. न्यायाची कल्पना मात्र एकच आहे. बाजारात खरे बोलणे हा या भूमीवरील राजधर्माचा भाग होता.

आधुनिक काळातही या जाणिवेला महाराष्ट्रातूनच संघटित रूप मिळाले. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली. ग्राहक हा अर्थव्यवस्थेचा राजा आहे, असे भाषणात म्हणणे सोपे असते. त्या राजाला प्रश्न विचारावयास शिकवणे अवघड असते आणि पंचायतीच्या कार्यकर्त्यांनी ते काम गल्लीगल्लीत बसून केले. १९८६ मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला, त्यामागे असे अनेक वर्षांचे जनजागरण होते.

मूळ देश : अर्धे सत्य

लेबल दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देते आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. मानचिन्ह सांगते की वस्तू सुरक्षित आहे. ती कोठली आहे, हे ते सांगत नाही. चीनमधील कारखान्यालाही भारतात प्रतिनिधी नेमून 'आर' क्रमांक मिळवता येतो आणि अनेकांनी तो मिळवला आहे. वस्तू कोठून आली, हे सांगण्याचे काम वैध मापन शास्त्राच्या नियमांकडे आहे. २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव, संख्या, महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क देणे बंधनकारक आहे. आयात वस्तूंवर मूळ देशाचा उल्लेख आणि ई-व्यापाराच्या संकेतस्थळांवर ही माहिती दाखवणे १ जानेवारी २०१८ पासून आवश्यक झाले. २०२० च्या ई-व्यापार नियमांनी त्याला आणखी बळ दिले.

तरीही हे सत्य अर्धेच आहे. सरकारी माहितीनुसार २०१४-१५ मध्ये देशात विकल्या जाणाऱ्या मोबाइलपैकी सुमारे २६ टक्के देशात बनत असत. २०२४ पर्यंत हे प्रमाण ९९ टक्क्यांवर गेले. ही घोडदौड अभिमानास्पद आहे. परंतु येथे जोडणी झाली म्हणजे आतील चिप, पडदा आणि बॅटरीचे सेल येथलेच झाले, असे नव्हे. सरकार स्वतः खरेदी करते तेव्हा हा फरक ओळखते. 'मेक इन इंडिया'ला प्राधान्य देणाऱ्या शासकीय खरेदीच्या आदेशात स्थानिक मूल्याचा वाटा ५० टक्के किंवा अधिक असलेल्या पुरवठादाराला पहिल्या वर्गाचा आणि २० ते ५० टक्के असलेल्याला दुसऱ्या वर्गाचा मानले आहे. जी मोजपट्टी मंत्रालयाला उपलब्ध आहे, ती सामान्य कुटुंबाला का नसावी? वेष्टनावर 'भारतात निर्मित' या दोन शब्दांसोबत स्थानिक मूल्याचा टक्काही छापण्याची मागणी स्वदेशीच्या चळवळीने आता लावून धरली पाहिजे. ज्या उद्योजकाने खरोखर घाम गाळून भारतीय भाग वापरले, त्याला केवळ जोडणी करणाऱ्याच्या रांगेत उभे करणे अन्यायाचे आहे.

भाषेचाही प्रश्न आहे. नियमानुसार ही माहिती देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असावी लागते आणि इतर भाषा जोडण्यास कोणतीही आडकाठी नाही. प्रत्यक्षात बहुतेक वेष्टनांवर इंग्रजीच, तीही भिंगाखाली धरावी अशी, छापलेली असते. त्यातच २०२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंना काही माहिती वेष्टनाऐवजी क्यूआर कोडमध्ये देण्याची एक वर्षाची मुभा देण्यात आली होती. उद्योगाची सोय समजण्यासारखी आहे. परंतु साधा फोन वापरणाऱ्या आजोबांनी वेष्टनावरचा तो काळा चौकोन कसा वाचावा, याचे उत्तर अशा सवलतींच्या वेळी कोणी देत नाही. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या वस्तूवर सुवाच्य मराठीत माहिती असावी, हा आग्रह भाषेच्या अस्मितेइतकाच सुरक्षिततेचाही आहे.

राष्ट्राच्या सुरक्षेचा प्रश्न

अनोंदित इलेक्ट्रॉनिक वस्तू केवळ घराला धोका देत नाहीत. २००९ मध्ये वैध आयएमईआय क्रमांक नसलेले लाखो स्वस्त फोन देशात फिरत होते. त्यावरून केलेला फोन कोणत्या उपकरणातून केला, हे शोधणे यंत्रणांना शक्य नव्हते. अखेर त्या वर्षी ३० नोव्हेंबरची मुदत संपताच असे फोन बंद करावे लागले आणि बिलाविना स्वस्तात घेतलेल्यांच्या हाती निर्जीव खोके उरले. २०२५ च्या मे महिन्यात ई-व्यापाराच्या संकेतस्थळांवर वॉकी-टॉकी आवश्यक मंजुरीच्या तपशिलाविना विकल्या जात असल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तेरा नोटिसा बजावल्या. बिनतारी लहरी वापरणाऱ्या उपकरणाला दूरसंचार विभागाची मंजुरी लागते, ती याच कारणाने.

सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. सरकारी संस्थांत बसवलेले सुमारे दहा लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे असल्याची माहिती २०२१ मध्ये संसदेत देण्यात आली होती. चोरावर पहारा ठेवण्यासाठी लावलेला डोळाच परक्याचा असेल तर? २०२४ मध्ये केंद्राने कॅमेऱ्यांच्या सक्तीच्या नोंदणीत सायबर सुरक्षेच्या अटी समाविष्ट केल्या आणि एप्रिल २०२५ पासून त्यांची अंमलबजावणी सुरू झाली. लेबलाचा विषय येथे थेट राष्ट्रसंरक्षणाशी येऊन भिडतो.

बिलाविना देशभक्ती

दोष केवळ सीमेपलीकडे नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. क्रमांकाविना चार्जर स्वतःच्या पायांनी चालत भारतात येत नाही. तो मागवणारा आयातदार भारतीय असतो, खोटा 'आर' क्रमांक छापून देणारा छापखाना भारतीय असतो, बिल न देता विकणारा दुकानदार भारतीय असतो आणि कर वाचला म्हणून समाधान मानणारा ग्राहकही भारतीयच असतो. मार्च २०२५ मध्ये मानक ब्युरोने दिल्लीत एका बड्या ई-व्यापार कंपनीच्या गोदामावर छापा घातला, तेव्हा गिझर, मिक्सर यांसह साडेतीन हजारांहून अधिक वस्तू आवश्यक चिन्हाविना सापडल्या. त्यांची किंमत सुमारे ७० लाख रुपये होती. विदेशी भांडवलाच्या कंपन्यांवर टीका व्हावीच; परंतु बहिष्काराच्या मोर्चात पुढे चालणाऱ्या व्यापाऱ्याच्या स्वतःच्या दुकानातील मांडणीवर काय ठेवले आहे, हा प्रश्न त्याला स्वजनांनीच विचारला पाहिजे. राष्ट्रभक्ती सभेत व्यक्त होते आणि गल्ल्यावर सिद्ध होते.

लघुउद्योजकाची बाजू

आता दुसरी बाजू. भोसरी, अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत दहा-पंधरा माणसांच्या बळावर एलईडी दिवे किंवा ॲडाप्टर बनवणाऱ्या तरुण उद्योजकाला हे नियम जाचक वाटतात आणि त्यात तथ्य आहे. प्रत्येक कारखान्यासाठी, प्रत्येक ब्रँडसाठी स्वतंत्र नोंदणी, प्रयोगशाळेचे शुल्क, अहवालाची प्रतीक्षा, ठरावीक काळाने नूतनीकरण, या चक्रात त्याचे भांडवल अडकते. बड्या कंपनीकडे यासाठी स्वतंत्र विभाग असतो. याच्याकडे तो स्वतः असतो. नियम कागदावर सर्वांना समान असला, तरी त्याचे ओझे समान नसते.

परंतु यावरचा उपाय नियम शिथिल करणे हा नव्हे. असुरक्षित वस्तू लहान कारखान्यात बनली म्हणून कमी असुरक्षित होत नाही. उपाय तीन आहेत. औद्योगिक वसाहतींच्या जवळ मान्यताप्राप्त प्रयोगशाळा उभ्या राहाव्यात आणि सूक्ष्म उद्योगांना शुल्कात भरीव सवलत मिळावी. लघुउद्योगांच्या संघटनांनी एकत्रितपणे चाचणी आणि कागदपत्रांची सेवा सुरू करावी, म्हणजे प्रत्येकाला मध्यस्थाचे दार ठोठावावे लागणार नाही. आणि सरकारने घरात शिरणारी तयार वस्तू व कारखान्यात शिरणारा कच्चा माल यांत विवेक करावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने पॉलिस्टर उद्योगाच्या काही कच्च्या मालांवरील गुणवत्ता नियंत्रण आदेश मागे घेतले, ते याच विवेकाचे उदाहरण म्हणता येईल. कच्च्या मालाबाबत लवचीकता आणि ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या वस्तूबाबत काटेकोरपणा, हे धोरण देशी उद्योगाच्या हिताचे आहे.

काटेकोरपणाने देशी उद्योग मरत नाही, हे खेळण्यांनी दाखवून दिले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना मानचिन्ह सक्तीचे झाले. त्याआधी २०२० मध्ये आयातशुल्कही २० वरून ६० टक्के करण्यात आले होते. या दोन्हींचा परिणाम म्हणून २०१८-१९ मध्ये ३७ कोटी १० लाख डॉलर असलेली खेळण्यांची आयात २०२१-२२ मध्ये सुमारे ११ कोटी डॉलरवर आली. निकृष्ट मालाचा पूर अडला, तेव्हाच चांगला माल बनवणाऱ्या देशी कारागिराला बाजारात उभे राहावयास जागा मिळाली.

दहा क्षणांचे व्रत

कार्यकर्त्यांच्या पातळीवर यातून काय करता येईल? चार्जर, बॅटरी किंवा दिव्यांची माळ घेताना तिच्यावरील मानचिन्ह व क्रमांक पाहावा, मूळ देश वाचावा आणि बिल घ्यावे. एवढ्याला दहा क्षण पुरतात. वस्तीतील दुकानदाराला प्रेमाने आणि आग्रहाने, नोंदणी नसलेला माल न ठेवण्याची विनंती करावी. तरीही फसवणूक झाली, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि वेष्टनाविषयीची तक्रार जिल्ह्यातील वैध मापन शास्त्र कार्यालयात द्यावी. शाळांतील विज्ञान शिक्षकांनी एका तासिकेत मुलांकडून घरातील चार्जरांची यादी करून घेतली, तर किती चार्जरांवर क्रमांकच नाही, हे पालकांना त्या रात्रीच समजेल.

स्वातंत्र्यपूर्व काळात विदेशी कापडाची होळी करणाऱ्या पिढीने स्वतःच्या अंगावरचे उंची वस्त्र उतरवून अग्नीत टाकले होते. त्या त्यागाच्या तुलनेत आजच्या पिढीकडून मागितले जाते ते फार थोडे आहे : वस्तू उलटी करून तिच्या पाठीवरची चार अक्षरे वाचणे आणि ती नसतील तर परत ठेवणे. असे काही लाख ग्राहक वस्तू परत ठेवू लागले, तर बंदरावर उतरणारा निकृष्ट माल आपोआप परत फिरेल आणि भोसरीतील प्रामाणिक उद्योजकाचा दिवा घरोघरी लागेल. येत्या दिवाळीच्या खरेदीपासून या व्रताला आरंभ करता येईल.